कॅसँड्रा क्लस्टरमधील जोडणीदोष

अपाचे कॅसँड्रा हा अनेक यंत्रांवर विभागून चालणारा डेटाबेस आहे. त्याचा क्लस्टर, म्हणजे अशा यंत्रांचा गट, उभारताना नोड (गटातले एकेक यंत्र) एकमेकांना सापडत नाहीत, सापडले तरी टिकत नाहीत, किंवा क्लस्टर नीट उभा राहूनही ॲप्लिकेशनला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. या तिन्ही प्रकारांना मिळून जोडणीदोष म्हणता येईल. नेटवर्क खरोखरच तुटलेले असण्याची उदाहरणे त्यांत थोडी. बहुतेक वेळा एकाच यंत्राला दोन-तीन पत्ते असतात, आणि नोड स्वतःचा जो पत्ता जगाला सांगतो त्यावर तो इतरांना भेटतच नाही.

कॅसँड्रा मुळात फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी इनबॉक्समधील शोधासाठी तयार केला. २००८ मध्ये तो मुक्तस्रोत झाला आणि २०१० मध्ये अपाचेचा उच्चस्तरीय प्रकल्प बनला. लक्ष्मण हे त्याआधी ॲमेझॉनच्या डायनॅमो या प्रणालीवरील २००७ च्या शोधनिबंधाचे सहलेखक होते, आणि डायनॅमोप्रमाणेच कॅसँड्रातही कोणी मुख्य नोड नसतो. क्लस्टरमध्ये कोण आहे, कोण नाही, हे ज्याला विचारावे असे एक ठिकाणच नाही. प्रत्येक नोड दर सेकंदाला जास्तीत जास्त तीन नोडांशी स्थितीची देवाणघेवाण करतो. या पद्धतीला गॉसिप म्हणतात. त्यामुळे दोष शोधतानाही एका नोडचे म्हणणे प्रमाण मानून चालत नाही. कोण चालू, कोण बंद हे दाखवणारी ‘नोडटूल स्टेटस’ ही आज्ञा प्रत्येक नोडवर स्वतंत्र चालवावी लागते, आणि उत्तरे जुळली नाहीत तर तोच पहिला धागा.

नोडांमधले बोलणे पोर्ट ७००० वर चालते. जुन्या आवृत्त्यांत टीएलएस, म्हणजे सांकेतिकरण, लावल्यास ते ७००१ वर जाते. ॲप्लिकेशन ९०४२ वर येते आणि नोडटूल ७१९९ वर. पूर्वी थ्रिफ्ट या ॲप्लिकेशनांच्या जुन्या संवादपद्धतीसाठी ९१६० होता, तो ४.० आवृत्तीत गेला. जुन्या लेखांवरून फायरवॉलचे नियम उतरवणारे आजही तो उघडून ठेवतात, त्याचा काही उपयोग नाही.

कॅसँड्रा.यामल या मांडणीच्या फाइलीत पत्त्यांच्या चार ओळी असतात आणि निम्मे दोष तिथेच सापडतात. लिसन_ॲड्रेस हा इतर नोडांसाठी ऐकण्याचा पत्ता, आरपीसी_ॲड्रेस ॲप्लिकेशनसाठी. यांच्याच जोडीला ब्रॉडकास्ट_ॲड्रेस आणि ब्रॉडकास्ट_आरपीसी_ॲड्रेस या दोन ओळी येतात. ऐकायचे एका पत्त्यावर पण इतरांना सांगायचा दुसराच, अशी स्थिती असेल तेव्हा त्या लागतात. मूळ फाइलीत पहिल्या दोन्हींची किंमत लोकलहोस्ट असते, म्हणजे नवा नोड फक्त स्वतःशीच बोलतो. हे कळल्यावर पुष्कळ जण लिसन_ॲड्रेस ०.०.०.०, म्हणजे ‘यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर ऐक’, असा करतात. ते नेहमीच चूक आहे असे खुद्द त्या फाइलीतल्या टिपेत लिहिलेले आहे, कारण तोच पत्ता इतरांना सांगितला जाणार आणि ०.०.०.० वर कोणी पोचू शकत नाही. आरपीसी_ॲड्रेसला मात्र ०.०.०.० चालते, पण मग ब्रॉडकास्ट_आरपीसी_ॲड्रेसमध्ये खरा पत्ता भरावाच लागतो, नाहीतर नोड सुरू व्हायलाच नकार देतो.

लिसन_ॲड्रेस रिकामे सोडले तर नोड यंत्राच्या नावावरून पत्ता काढतो. डेबियन आणि उबुंटूवर होस्ट्स फाइलीत यंत्राचे नाव बहुधा १२७.०.१.१ या यंत्राच्या आतल्याच पत्त्याला बांधलेले असते. समजा १०.०.०.११, १२ आणि १३ अशी तीन यंत्रे आहेत. १०.०.०.१२ या यंत्रावर ‘एसएस -टीएलएनपी’ (कोणते पोर्ट कुठल्या पत्त्यावर ऐकते ते दाखवणारी आज्ञा) चालवल्यास पोर्ट ७००० समोर १०.०.०.१२ दिसायला हवे, तिथे १२७.०.१.१ दिसले की पुढे फायरवॉल तपासण्यात वेळ घालवू नये. पोर्ट उघडे आहे, प्रक्रिया चालू आहे, लॉगमध्ये तांबडे काही नाही, आणि तरी शेजारच्या यंत्राला तो नोड अस्तित्वातच नाही.

यानंतर सीड. नव्या नोडने आत येताना प्रथम कोणाला विचारायचे त्यांची ही यादी. सीड हा मुख्य नोड नव्हे, पण नाव ऐकून तसा समज होतो खरा. जो नोड स्वतःला यादीत पाहतो तो स्वतःला सीड समजतो आणि आत येताना इतरांकडून डेटा ओढून घेत नाही. तिन्ही यंत्रांवर प्रत्येकाने फक्त आपलाच पत्ता सीड म्हणून लिहिला, तर एकाच नावाचे तीन स्वतंत्र एकनोडी क्लस्टर तयार होतात. तिन्हीकडे स्टेटसमध्ये ‘यूएन’, म्हणजे चालू आणि सुस्थितीत, अशी एकेकच ओळ दिसते आणि त्रुटी कुठेच नसते. जोडणीदोषांतला हा सर्वांत फसवा प्रकार. याउलट यादी बरोबर असून सीडपर्यंत पोचता आले नाही, तर नोड ‘अनएबल टू गॉसिप विथ एनी सीड्स’ (कोणत्याही सीडशी गॉसिप करता येत नाही) असे सांगून बंद पडतो. नंतरच्या आवृत्त्यांत या संदेशातल्या सीड्सच्या जागी पीअर्स हा शब्द आला. हा संदेश भीतिदायक वाटला तरी बरा, कारण तो निदान तक्रार तरी करतो. यादी सगळ्या नोडांवर सारखी ठेवावी आणि प्रत्येक डेटा सेंटरमधून दोन-तीन नोड घ्यावेत.

पत्ते बरोबर निघाले की मग नेटवर्क. इथे नकाराचा प्रकार बारकाईने वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पत्त्यावर-पोर्टवर कोणी ऐकत नाही. म्हणजे परत कॅसँड्राकडे जायचे. नुसता वेळ संपला तर कोणीतरी पाकिटे मुकाट गिळत आहे, बहुधा फायरवॉल किंवा क्लाउडमधील सिक्युरिटी ग्रुप. ‘नो रूट टू होस्ट’ हा तिसरा संदेश दिशाभूल करतो. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर फायरवॉलडी ही फायरवॉल सेवा पोर्ट नाकारताना जे उत्तर पाठवते त्याचे भाषांतर प्रणाली असे करते. रूट शाबूत असतो, फक्त पोर्ट उघडायचे राहिलेले असते. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. नोडांमधील जोडण्या एकदिशी असतात. ‘अ’ला ‘ब’कडे पाठवायला एक, ‘ब’ला ‘अ’कडे पाठवायला दुसरी. म्हणून ‘एनसी’ या पोर्ट तपासण्याच्या आज्ञेने एका बाजूने पोर्ट उघडे दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. उलट बाजूनेही तपासावे.

काही वेळा नोड पोचतात पण एकमेकांना ओळख देत नाहीत. क्लस्टरचे नाव वेगळे असेल तर गॉसिप नाकारले जाते. मूळ नाव ‘टेस्ट क्लस्टर’ असते. कॅसँड्रा त्याच नावाने एकदा सुरू झाला की ते डिस्कवर साठते, आणि मग फाइलीत नाव बदलल्यावर नोड जुने-नवे नाव जुळत नाही म्हणून थांबतो. डेबियनचे पॅकेज बसवताच सेवा आपोआप सुरू होते, त्यामुळे हे नवख्यांच्या बाबतीत हमखास घडते. नोड अगदी नवा आणि रिकामा असेल तरच डेटाची डिरेक्टरी पुसून मोकळे व्हावे.

क्लाउडवर डेटा सेंटरचे नावही गोंधळ घालते. ॲमेझॉनवर ईसीटू स्निच (नोड कोणत्या डेटा सेंटरमध्ये आहे ते ठरवणारा कॅसँड्राचा भाग) वापरला आणि नामकरणाची जुनी पद्धत चालू राहिली, तर मुंबईच्या ‘एपी-साउथ-१’ विभागाचे डेटा सेंटर नुसते ‘एपी-साउथ’ होते, हैदराबादचे मात्र ‘एपी-साउथ-२’. शेवटी १ असेल तर ते कापायचे हा जुन्या कोडातला नियम आहे. आता ॲप्लिकेशनने आपले स्थानिक डेटा सेंटर ‘एपी-साउथ-१’ असे सांगितले, तर जावा ड्रायव्हरला, म्हणजे ॲप्लिकेशनला कॅसँड्राशी जोडणाऱ्या घटकाला, त्या नावाचा एकही नोड सापडत नाही आणि तो ‘एकही नोड उपलब्ध नाही’ अशी त्रुटी देतो. ती वाचून लोक नेटवर्कच्या माणसांना बोलावतात.

ॲप्लिकेशनच्या बाजूचा ठरावीक दोष डॉकरमध्ये, म्हणजे कॅसँड्रा कंटेनर या बंदिस्त वातावरणात चालवताना, दिसतो. ड्रायव्हर दिलेल्या पत्त्यावर एकदा जोडला गेला की तिथल्या सिस्टिम तक्त्यांतून बाकीच्या नोडांचे पत्ते वाचतो आणि त्यांच्याकडे थेट जातो. ते पत्ते कंटेनरच्या आतले, १७२.१७ पासून सुरू होणारे असले, तर पहिली जोडणी यशस्वी आणि पुढच्या सगळ्या अधांतरी. सीक्यूएलएसएच हे कॅसँड्राचे आज्ञापटल फक्त सांगितलेल्या एकाच नोडशी बोलते, त्यामुळे तिथे सगळे सुरळीत दिसते. ‘माझ्याकडून तर लॉगिन होतंय’ हे वाक्य म्हणूनच निदान ठरत नाही.

जोडणी होऊन काही वेळाने तुटत असेल, तर मधल्या फायरवॉलकडे पाहावे. निष्क्रिय जोडण्या ती गुपचूप विसरते. ॲमेझॉनच्या नॅट गेटवेवर (खासगी जाळ्यातून बाहेर जाण्याच्या दारावर) ही मर्यादा ३५० सेकंद आहे, तर लिनक्स मूळ मांडणीत ७२०० सेकंदांनी पहिली जिवंतपणाची चौकशी पाठवतो. या चौकशीचा, म्हणजे टीसीपी कीपअलाइव्हचा, काळ ६० सेकंदांवर आणल्यास हा प्रश्न सहसा सुटतो. नोड वारंवार ‘डाउन’ आणि ‘अप’ होत असतील तर फाय_कन्व्हिक्ट_थ्रेशोल्ड, म्हणजे नोड मेला असे ठरवण्याची मर्यादा, मूळच्या ८ वरून १० ते १२ वर नेण्याचा प्रघात आहे. पण आधी जावाचे कचरा गोळा करण्याचे थांबे (नको असलेली मेमरी मोकळी करताना सगळे काम थांबते ते) लॉगमध्ये बघावेत. बराच वेळ गोठलेला नोड इतरांना मेलेलाच दिसणार, आणि तिथे आकडा वाढवणे म्हणजे आजार झाकणे.

तपासाचे साधनही कधी दगा देते. एप्रिल २०२२ च्या जावा अद्ययावतांनंतर जुन्या कॅसँड्रावरील नोडटूल पत्त्याचा आकार चुकीचा म्हणून जोडणीच नाकारू लागले. क्लस्टर ठणठणीत आणि नोडटूल आंधळे. जावाच्या आरएमआय यूआरएल (नोडटूल ज्या दूरसंवादाने जोडते त्याचा पत्ता) वाचण्याच्या पर्यायाला ‘लेगसी’ ही किंमत दिली की ते पुन्हा चालते. दुसऱ्या यंत्रावरून नोडटूल चालत नाही ही मात्र त्रुटी नव्हे. २०१५ मधील एका सुरक्षा दोषानंतर ७१९९ मुद्दाम लोकलहोस्टपुरते मर्यादित केले गेले.

लॉगिनचे अपयशही पुष्कळदा जोडणीदोष म्हणून नोंदले जाते. वापरकर्त्यांची माहिती ठेवणाऱ्या सिस्टिम_ऑथ या कीस्पेसची (तक्त्यांच्या संचाची) सुरुवातीला एकच प्रत असते. प्रमाणीकरण चालू करून ती संख्या वाढवायची राहिली, तर ती प्रत असलेला एक नोड बंद पडताच बाकीचे नोड जिवंत असूनही त्या वापरकर्त्याला आत येता येत नाही. आणि प्रमाणीकरण मुळात बंदच असते. त्यामुळे ‘जरा तपासून बघू’ म्हणून ९०४२ सगळ्या जगाला उघडले, तर पासवर्ड न विचारता कोणीही आत येतो. ते पोर्ट तपासणीपुरते एका ठरावीक पत्त्यालाच उघडावे.