आशावाद आणि मनातले मांडे

भाचीचं लग्न मेच्या अखेरीस, मांडव उघड्यावर. मी एवढंच विचारलं, वळीव आला तर ताडपत्री आहे ना? सगळे एका सुरात, "शुभ बोल नाऱ्या!" अडचणीचं नाव काढलं की माणूस निराशावादी, आणि डोळे मिटून 'सगळं छान होईल' म्हणणारा आशावादी. हा घोळ ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मनातले मांडे म्हणजे काय ते सांगायला नको, सगळेच खातात. हसतमुख असणं हाही निराळा विषय. दिवसभर कुरकुरणारी आणि तरीही पक्की आशावादी अशी एक आजी प्रत्येकाच्या नात्यात असते.

गल्लत होते ती 'होईल असं वाटणं' आणि 'झालंय असं रंगवणं' यांत. दोन्हींत पुढचं चांगलंच दिसतं ना! जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांनी ही दोन वेगवेगळी मोजून पाहिली. थॉमस वॅडन यांच्यासोबतचा त्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. वजन उतरवायला आलेल्या २५ स्त्रियांना सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारल्या: जमेल असं कितपत वाटतं, आणि पुढचं चित्र मनात कसं उभं राहतं? वर्षाअखेर, जमेल म्हणणाऱ्यांचं वजन शंकेखोरांपेक्षा सुमारे १२ किलो जास्त उतरलं. आणि ज्यांनी स्वतःला आधीच सडपातळ, मोहाला सहज नाही म्हणणारी असं रंगवलं होतं, त्यांचं इतरांपेक्षा सुमारे ११ किलो कमी उतरलं! कारण पुढच्या प्रयोगांत दिसलं. गोड चित्र रंगवताना अंगातला जोर ओसरतो, रक्तदाबाचा वरचा आकडासुद्धा खाली येतो. शरीराला वाटतं, पोचलो की.

म्हणून उगवत्या सूर्याच्या फोटोवर 'मनात आणा, मिळेल' लिहून रोज सकाळी पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. माझी परीक्षा सोपी आहे. विचारा, "आडवं काय येईल?" आशावाद्याकडे यादी तयार असते. मांडे खाणारा चिडतो.

पेरणीचंच बघा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगत असतो. पहिल्याच सरीला 'यंदा चांगलाच आहे' म्हणत चाड्यावर मूठ धरणारा आणि ढेकूळ फोडून ओल बघत थांबलेला, पीक येईल असं दोघांनाही वाटतं. पण पाऊस दडी मारतो हे पक्कं ठाऊक असून, थोडं बियाणं मागे ठेवून पेरणारा जो दुसरा, त्याच्याइतका आशावादी मी पाहिला नाही. (थांबूनही दुबार पेरणी नशिबी येते. त्याचं खापर त्याच्यावर फोडू नये.)

लग्नात पाऊस आला नाही, तेही सांगून टाकतो. ताडपत्रीचं भाडं गेलं ते गेलंच, वर दर लग्नात मला ते ऐकवलं जातं.