गाठीत सांडलेली मोहरी

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट ज्यांच्या घरात आलाय त्यांना माहीत असेल, गाठ किती सेंटिमीटर, किती मिलिमीटर खोल गेली, मानेतल्या किती लसिका ग्रंथींत पोचली, कापलेल्या कडा क्लिअर आहेत का, हे सगळं त्यात असतं. म्हणजे सगळी माहिती शत्रूची. आपली माणसं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, लढायला आली होती का, किती आली, कुठवर पोचली, ही ओळ एक तर नसतेच, नाहीतर 'लिम्फोसाइटिक रिस्पॉन्स मॉडरेट' एवढ्यावर भागवलेलं असतं. मी स्वतः मायक्रोस्कोपखाली स्लाइडी बघणारी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे ही तक्रार आमच्याच जमातीबद्दल आहे म्हणा.

स्लाइडवर काय दिसतं ते सांगते. आपल्याकडे ही गाठ बऱ्याचदा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत असते, बरोब्बर जिथे तंबाखूची गोळी नाहीतर खर्रा धरून ठेवतात तिथे. २०२२ साली भारतात ओठ-तोंडाच्या कॅन्सरचे नवे पेशंट १ लाख ४० हजारांच्या वर होते, तर काम भरपूर. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे ४ मायक्रॉनचे काप काढायचे आणि गुलाबी-जांभळा रंग द्यायचा. कॅन्सरच्या पेशींची बेटं दिसतात, मधेमधे कांद्याच्या चकतीसारखी गुलाबी वर्तुळं, आणि या बेटांच्या आजूबाजूला कोणीतरी मोहरी सांडल्यासारखे बारीक गर्द जांभळे ठिपके. ते लिम्फोसाइट, आपल्या प्रतिकारशक्तीचे शिपाई. गाठीत शिरलेल्या या पेशींना इंग्रजी आद्याक्षरांवरून टिल म्हणतात.

मोहरी भरपूर असेल तर पेशंटचं पुढे बरं चालण्याची शक्यता जास्त, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यातही सीडी८ नावाच्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार), ज्या कॅन्सरच्या पेशीला भिडून मारतात, त्या जास्त असल्या तर चांगलंच. त्यामुळे एकाच स्टेजचे दोन पेशंट, तेच ऑपरेशन, तेच रेडिएशन, तरी एकाला वर्षात परत गाठ आणि दुसरा दहा वर्षांनी फॉलोअपला पेढे घेऊन येतो, यामागे बाकी कारणांसोबत हेही एक असू शकतं.

पण नुसती संख्या फसवते. कधी शिपाई बेटांच्या आत घुसलेले असतात, कधी वेशीवरच अडकलेले, गर्दी ही एवढी पण आत एक नाही, आणि कधी आख्खा माळ रिकामा. आत घुसलेले आणि वेशीवर थांबलेले यात खूप फरक आहे. शिवाय आलेले सगळे आपल्याच बाजूचे असतात असंही नाही. रेग्युलेटरी टी पेशींचं काम लढाई आवरती घ्यायचं, आणि मॅक्रोफेज या जंतू-कचरा गिळणाऱ्या पेशींमधला एक प्रकार तर गाठीला रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतो, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात कुठला लिम्फोसाइट कोण हे ओळखता येत नाही, सगळी मोहरी सारखीच, त्यासाठी अँटीबॉडी लावून तपकिरी रंग आणावा लागतो आणि तिथे खर्च वाढतो.

आणि तोंड ही जागाच वैतागाची. ब्रेस्टच्या गाठीत टिल मोजायचे नियम २०१४ मध्ये ठरले, दोन बेटांमधल्या जागेचा किती टक्के भाग या पेशींनी व्यापलाय ते बघायचं. तोंडातल्या गाठीवर मात्र बहुतेक वेळा जखम असते, त्यात जंतू, वर टोचणारा दात, त्यामुळे पेशी जमतातच, त्यांचा कॅन्सरशी संबंध असेलच असं नाही. म्हणून जखमेच्या तळाचा भाग सोडायचा आणि गाठ जिथून आत सरकतेय ती आघाडी बघायची. ती बायोप्सीच्या चिमुकल्या तुकड्यात बरेचदा येतच नाही. वर दोन पॅथॉलॉजिस्टचे आकडे जुळतीलच याची गॅरंटी नाही, एक ३० म्हणेल दुसरी ५०. माझ्या मते म्हणूनच ही ओळ रिपोर्टात पक्की बसत नाहीये, मोजायला कोणी तयार नाही असं नाही.

याचा उपचाराशी संबंध आहेच. अडलेल्या टी पेशींचा ब्रेक काढणारी औषधं आली, त्या शोधासाठी २०१८ चं नोबेल मिळालं, पण किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या २४० ऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांतून एकदा, कमी डोसच्या गोळ्यांसोबत देऊन पाहिलं. पेशंट सगळे डोकं-मानेच्या कॅन्सरचे, आजार बराच पुढे गेलेले. वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, २०२३ मध्ये ते छापून आलं. अशा औषधाचा उपयोग कोणाला होईल हे सांगायला गाठीतली मोहरी कितपत कामी येते, यावर आता बरंच काम चालू आहे.

एक घरगुती सूचना. दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना फाइलसोबत मेणाचे ब्लॉक देतात, पुढच्या सगळ्या टेस्ट त्यातूनच होतात. मे महिन्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं.