‘आयोजित सहल’ आणि ‘जहाजाची सहल’

दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या आधी मला ठरावीक फोन येतात. चार-पाच क्रूझ केल्या, एवढ्या भांडवलावर आमच्या कोथरूडच्या गोतावळ्यात मी या विषयातली जाणकार ठरले आहे. प्रश्नही ठरलेला असतो. ‘‘अगं, बंदरावर उतरल्यावर जहाजवाल्यांची सहल फार महाग पडतेय. बाहेरून लोकल टूर घेतली तर चालेल ना? पण तिथे निर्बंध आहेत म्हणतात.’’ मी विचारते, ‘‘निर्बंध कोणाचे?’’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग, ‘‘कोणाचे म्हणजे? तिथलेच की.’’

सगळा घोळ या ‘तिथलेच की’मध्ये आहे. दहा वर्षं तेच ते ऐकून कान किटले, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

जहाजाची सहल म्हणजे बंदरावर उतरल्यावर फिरायला क्रूझ कंपनीच विकते ती सहल. ती कशी असते, हे वेगळं सांगायला नको. टूर कंपनीबरोबर एकदा जरी युरोप किंवा केरळ केलं असेल, तरी तुम्हाला ती पाठ आहे. छातीवर नंबराचा स्टिकर, पुढे काठीला फडकं बांधून चालणारी गाइड, चाळीस-पन्नास जणांची बस आणि दर थांब्यावर स्वच्छतागृहाची रांग. लोकल टूर म्हणजे त्या गावातल्या एखाद्या गाडीवाल्याशी किंवा छोट्या संस्थेशी आपण परस्पर ठरवलेली सहल. गाडी लहान, माणसं आपली, पैसे बऱ्याचदा कमी, आणि ‘कांदा-लसूण नको’ हे एकदाच सांगावं लागतं. माझी आवड कुठली हे एव्हाना कळलं असेल. बस मला सोसत नाही.

दुसरा फरकही सगळ्यांना माहीत असतो, तरी लोक तोच मला अर्धा तास समजावतात. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला स्वतःच्या खर्चाने पुढच्या बंदरावर पोचवते. लोकल टूरसाठी जहाज थांबत नाही. सुटायच्या साधारण अर्धा तास आधी सगळ्यांनी चढलेलं असावं लागतं, आणि ती वेळ जहाजाच्या घड्याळाची असते, गावातल्या नव्हे. काही लोकल संस्था ‘जहाजावर परतीची हमी’ असं ठळक छापतात. त्याचा अर्थ त्यांच्यासाठी जहाज थांबतं असा नाही. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ते देतील, एवढाच. जहाजच त्या बंदराला लागलं नाही, तर जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. लोकलवाल्याकडून तसं आधी लिहून घ्या. झालं, एवढ्यावर हा विषय मिटतो.

मिटत नाही तो निर्बंधांचा.

पुण्यात राहणाऱ्याला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. गाडी रस्त्यावर कुठे लावायची हे वाहतूक पोलीस ठरवतात. सोसायटीच्या आवारात कुठे लावायची हे सोसायटी ठरवते, आणि ‘पाहुण्यांच्या गाड्या आत लावू नयेत’ अशी पाटीही लावते. पोलिसांची हरकत नाही म्हणून सोसायटीचं फाटक उघडत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने हो म्हटलं म्हणून रस्त्यावरची गाडी टोइंगवाल्यापासून वाचत नाही. हे आपल्याला रोजच्या जगण्यात नीट कळतं. मात्र जहाजावर पाऊल ठेवलं की देशाचा नियम आणि कंपनीचा नियम यांची आपण एकच खिचडी करतो.

देशाचा नियम तुम्ही त्या जमिनीवर पाय ठेवू शकता का, किती तास, कुठपर्यंत आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे ठरवतो. कंपनीचा नियम तुम्हाला परत जहाजावर घेणार का, हे ठरवतो. पहिला मोडला तर गाठ पासपोर्ट तपासणाऱ्याशी, दुसरा मोडला तर जहाजाच्या शिडीशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याशी. दोघांना एकमेकांचं काही देणंघेणं नसतं.

नेपल्सचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२०मध्ये, कोविडची पहिली लाट ओसरल्यावर, एमएससी कंपनीचं ग्रँडिओसा हे जहाज जिनोवाहून निघालं. भूमध्य समुद्रात एवढ्या मोठ्या कंपनीची ही पहिलीच फेरी. चढण्याआधी सगळ्यांची चाचणी झालेली, आणि नियम असा की बंदरावर उतरायचं ते फक्त जहाजाच्या सहलीने. नेपल्सला एक कुटुंब सहलीतून बाजूला झालं आणि आपलं आपण फिरलं. त्यांना परत जहाजावर घेतलं नाही. आता बघा, त्या वेळी नेपल्समध्ये फिरायला इटलीची बंदी नव्हती. विमानाने आलेला पर्यटक तिथे खुशाल पिझ्झा खात होता. म्हणजे देशाची ना नव्हती, जहाजाची होती. अशा ठिकाणी लोकल टूरवाला कितीही परवानाधारक असो, त्याचा कागद चाटून उपयोग नाही. ‘‘पण इटली सरकार हो म्हणतंय ना!’’ हा वाद मी त्या काळात निदान तीन घरांत ऐकला. म्हणतंय ना. सरकार तुम्हाला रात्री झोपायला केबिन देणार आहे का?

आता बरोबर उलटं. सेंट पीटर्सबर्ग. २००९पासून रशियाची सोय अशी होती की क्रूझने किंवा फेरीबोटीने येणाऱ्या प्रवाशाला ७२ तासांपर्यंत व्हिसा लागत नसे. अट एवढीच की त्याने अधिकृत रशियन प्रवासी संस्थेच्या आयोजित सहलीनेच फिरायचं. ‘आयोजित’ या शब्दावर बोट ठेवा. जहाजाची सहल आयोजित असतेच. पण तिथल्या अधिकृत संस्थेकडे तुम्ही परस्पर नोंदवलेली सहलही तितकीच आयोजित होती. ती संस्था तुमच्या नावाचं सहलीचं तिकीट पाठवायची, ते छापून पासपोर्टबरोबर खिडकीवर दाखवलं की शिक्का बसायचा. आठ-दहा जणांच्या गाडीने हर्मिटाज संग्रहालय बघून आलेले कितीतरी लोक असेच गेले. तरी जहाजावरची पत्रकं आणि काउंटरवरची मंडळी सर्रास सांगायची, ‘व्हिसा नसेल तर आमचीच सहल घ्यावी लागेल.’ निर्बंध खरा होता, ‘आमचीच’ हा शब्द मात्र पदरचा. आणि लोक तो इमानेइतबारे मानून दुप्पट पैसे मोजायचे, मग पुण्यात येऊन ‘रशियात लोकल टूर चालतच नाही’ असं छातीठोकपणे सांगायचे.

त्यातली खाचही सांगते, नाहीतर अर्धवट ज्ञान माझ्या नावावर जाईल. ती सवलत सहलीपुरतीच होती. दुपारी चारला सहल संपली की सरळ जहाजावर. ‘जरा नेव्हस्की रस्त्यावर एकटेच चक्कर मारून येतो’ हे त्यात बसत नसे. संध्याकाळी बॅलेला जायचं तर त्याचंही आयोजित तिकीट हवं. मोकळं हिंडायचं असेल तर घरून रशियाचा रीतसर व्हिसा काढून जायचं. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर मोठ्या पाश्चात्त्य क्रूझ कंपन्यांनी ते बंदरच सोडलं, म्हणून हे उदाहरण आज वापरायचं नाही, फक्त समजून घ्यायचं.

आज वापरायचं तर चीन घ्या. मे २०२४पासून चीनच्या किनाऱ्यावरच्या क्रूझ बंदरांत, जहाजाने येणाऱ्या परदेशी पर्यटकांच्या गटाला १५ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय उतरता येतं. गट किमान दोघांचा, व्यवस्था चीनमधल्या प्रवासी संस्थेची, आणि शेवटपर्यंत त्याच गटाबरोबर, त्याच जहाजाने पुढे जायचं. इथेही अट आयोजित असण्याची आहे. एकट्या माणसाने शांघायला उतरून ‘मी माझा बघतो’ म्हटलं, तर त्याच्यासाठी ही सवलत नाही.

तिसरा प्रकार तुर्कस्तानचा, आणि पुण्याहून अथेन्सची क्रूझ करणाऱ्यांना हाच लागतो. बंदराचं शहर आणि आसपासचे प्रांत पर्यटनासाठी बघायला, ७२ तासांच्या आत, क्रूझच्या प्रवाशाला व्हिसा लागत नाही. कोणाबरोबर फिरता हे तुर्कस्तान विचारत नाही. वेळेची आणि जागेची मर्यादा आहे, सोबतीची नाही. कुशादासीला उतरा, टॅक्सी करा, वीसेक किलोमीटरवरचं इफेसस हे प्राचीन शहर बघा, सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटो काढा आणि परत या. इथे ‘आयोजित सहल हवीच’ असं कोणी सांगितलं, तर तो रशियाचा नियम तुर्कस्तानला लावतोय असं समजा. (शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, मात्र मल्टिपल एंट्रीचा घ्या, कारण जहाज तुर्कस्तानला जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येतं. हे मी दर फोनला सांगते आणि दर फोनला ‘अय्या, हो का’ असं उत्तर येतं.)

सिंगापूर-पेनांगवाल्यांनी तर यात डोकं शिणवूच नये. भारतीयांना मलेशियाचा व्हिसा डिसेंबर २०२३पासून माफ आहे, आणि पेनांगचा स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाउनला इतका चिकटून आहे की सहल कशाला हवी, चपला घाला आणि चालायला लागा. जपायचं ते सिंगापुरात परत शिरण्यासाठीच्या व्हिसाला.

आणि लक्षद्वीप. ‘आपलाच देश, परवाना कशाला?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: १९६७च्या नियमांनुसार बेटांबाहेरच्या भारतीयालाही तिथे प्रवेश-परवाना लागतो. तो सहसा पॅकेज देणारेच काढतात, म्हणून लोकांना तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तो नाहीच असं वाटतं. कोचीहून निघणाऱ्या ‘समुद्रम’ पॅकेजमध्ये दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही बेटं आणि रात्री मुक्काम जहाजावर, असा क्रम असतो. तिथे ‘आम्ही आमची होडी करून दुसऱ्या बेटावर जाऊन येतो’ हे चालत नाही. हा निर्बंध सरकारचा आहे, पॅकेजवाल्याशी हुज्जत घालून तो ढिला होत नाही.

आता पत्र कसं वाचायचं ते. जहाजाकडून येणाऱ्या सूचना आपण व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी केलेल्या सारांशात वाचतो, आणि सारांशात नेमकं विशेषण गळतं. मूळ वाक्यात ‘अधिकृत संस्थेच्या सहलीने’ असेल, तर तो बहुधा देशाचा नियम. तिथे योग्य लोकल संस्था चालते. ‘आमच्या सहलीने’ असेल, तर पुढचा प्रश्न विचारा, ईमेलने, लेखी: ‘ही अट त्या देशाची आहे की तुमची?’ प्रश्न असाच विचारा. ‘लोकल टूर घेतली तर चालेल का’ असं विचारलंत, तर काउंटरवरचा माणूस ‘नाही’ म्हणणार. सहली विकणं हे त्याचं काम आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लोकल संस्थेलाही उलटा प्रश्न टाका: ‘बंदराच्या खिडकीवर दाखवायला तुम्ही काय कागद देता?’ जी संस्था ‘कागद कशाला, मी बाहेर उभा असतो’ म्हणते, तिला नमस्कार. दोन्ही नियम एकाच वेळी असतील तर दोन्ही पाळायचे, म्हणजे व्यवहारात जास्त कडक असेल तो.

एक गोष्ट आपल्या पासपोर्टमुळे जास्त बोचते. जहाज चुकलं तर अमेरिकन माणसाचा खर्च होतो. आपला खर्च होतो आणि शिवाय कागदाचा प्रश्न उभा राहतो. क्रूझच्या प्रवाशाला मिळालेली सवलत त्या जहाजाला बांधलेली असते. जहाज गेलं की तुम्ही व्हिसा नसलेले परदेशी. काही मार्गांवर पासपोर्टही जहाजवाल्यांनी ठेवून घेतलेला असतो. म्हणून उतरताना पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत, बंदरावरच्या एजंटाचा फोन नंबर आणि थोडे पैसे जवळ ठेवा. चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळू शकतो, हेही माहीत असू द्या.

गेल्याच महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. अथेन्सहून क्रूझ, एक दिवस कुशादासी, आणि लोकल गाडीवाला पामुक्कलेचे पांढरे कातळ दाखवायला तयार. निर्बंधात बसतं का? मी म्हटलं, पत्र वाचून दाखव. तिने वाचलं. ‘आमच्या’ नव्हतं, ‘आयोजित’ही नव्हतं. म्हणजे नियमात बसेल, ताई, पण घड्याळात बसत नाही. जायला तीन तास, यायला तीन, जसं काही पुण्याहून कोल्हापूरला जाऊन संध्याकाळच्या आत परत यायचं. इफेससला जा. आठ जणांची गाडी कर, जेवण शाकाहारी सांग.

‘‘आणि अजून काय विचारू त्याला?’’

‘‘वाटेत गालिच्याच्या दुकानात थांबणार का, ते विचार. तिथे लोकलवाले आणि जहाजवाले, दोघेही सारखेच.’’