लम्पीचा संशय आला तर कुठं कळवायचं, डॉक्टर काय तपासतात आणि कागद कोणते लागतात

सांगोल्याच्या बाजारातनं बैल आणला आणि आठ-दहा दिवसांत अंगावर गाठी उठल्या, म्हणजे लम्पी या गुरांच्या त्वचारोगाचा संशय आला, की आपल्याकडं पहिलं काय होतं, तर ओळखीच्या कुणाकडनं तरी इंजेक्शन, मग हळद-तेल, आणि सरकारी दवाखान्यात फोन चौथ्या दिवशी. तोवर माश्या, डास, गोचिडांनी शेजारच्या दावणीपर्यंत रोग पोचवलेला असतो.

कळवायला पात्रता वगैरे काही नाही. गुरं तुमची असू द्या नाहीतर तुम्ही नुसती सांभाळत असा, 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं संशय आला की ग्रामपंचायतीत कळवणं बंधनकारक आहे, तिथनं ते डॉक्टरकडं जातं. पण खरं सांगू का, थेट दवाखान्यात जा नाहीतर 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा, टोल फ्री 18002330418 पण आहे. फी नाही. जनावर मात्र लगेच वेगळं बांधा, त्याची पाण्याची बादली पण वेगळी.

डॉक्टर आले की नुसतं आजारी जनावर बघून जात नाहीत. जनावर कुठनं आणलं, कधी आणलं, बाजाराला कोण गेलं होतं, ताप कधी आला, गोठ्यात एकूण किती आणि गाठी किती जणांना, लस झालीय का, हे सगळं विचारतात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 4 ते 14 दिवस जातात, म्हणून मागच्या दोन-तीन आठवड्यांचं खरं खरं सांगायचं, इथं लोक बाजाराचं नाव लपवतात आणि मग रोग आला कुठनं तेच सापडत नाही. गाठीची खपली आणि रक्त घेतात, नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातात. लम्पी निघाला तर आसपासच्या 5 किलोमीटरमधल्या निरोगी गुरांना लस. माणसाला हा रोग होत नाही, त्यामुळं त्या भीतीनं कळवायचं टाळू नका.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचा कानातला 12 आकडी बिल्ला. 1 जून 2024 पासनं राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री बंद आहे आणि भरपाईतही तोच आडवा येतो. आमच्या पाहुण्यांच्या खिल्लार बैलाला बिल्ला नव्हता, बैल गेला आणि हेलपाटे मागं राहिले. बाकी आधार, बँक पासबुक, लसीची नोंद आणि फोटो जवळ ठेवा.

2022 ला शासनानं लम्पीनं मेलेल्या गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार दिले होते, चालू दर आणि अटी दवाखान्यातच विचारा. जनावर दगावलं तर डॉक्टर येऊन पंचनामा होईस्तोवर पुरू नका, एकदा पुरलं की कशानं मेलं हे कोण लिहून देणार? पंचनामा झाला की खड्डा 8 फूट खोल, वर-खाली चुना, आणि विहिरीपासनं लांब.