राखेचा बंधारा आणि ‘तात्पुरता’ हा शब्द : परवानगीची पार्श्वभूमी

औष्णिक केंद्रांच्या राखेबद्दलची केंद्राची अधिसूचना ३१ डिसेंबर २०२१ ला निघाली. तिच्यात राखपाणी साठवण्यासाठी ‘आपत्कालीन किंवा तात्पुरता’ बंधारा असे शब्द आहेत आणि त्याचे मापही दिले आहे : दर मेगावॅटला ०.१ हेक्टर. चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॅटचे. गुणाकार केला तर २९२ हेक्टर होतात, म्हणजे सातशे वीस एकर. पाच एकरवाले कोरडवाहू शेतकरी धरले तर जवळजवळ दीडशे घरांची जमीन. अधिसूचनेच्या भाषेत हे सगळे तात्पुरते.

विदर्भात हा प्रश्न जुना आहे, पण परवानगीचा इतिहास तेवढा जुना नाही. नागपूरजवळच्या कोराडीचा पहिला संच १९७४ चा, चंद्रपूरचा १९८३ चा. त्या वेळी पर्यावरण मंजुरी नावाची गोष्टच कायद्यात नव्हती. कोळसा जवळ, पाणी जवळ आणि राख ओतायला एखादा खोलगट भाग, एवढे जमले की जागा ठरे. नाल्याच्या तोंडावर मातीचा बांध घालायचा आणि मागे राखपाणी सोडायचे. खाली झिरपा रोखणारे अस्तर नाही. मंजुरीचा नियम २७ जानेवारी १९९४ ला आला, जनसुनावणी १९९७ मध्ये. तोवर जुने बंधारे अर्धेअधिक भरले होते, आणि भरलेल्या बंधाऱ्याखाली नंतर अस्तर घालता येत नाही.

आज चालते ती मंजुरीची चौकट १४ सप्टेंबर २००६ ची. मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या तिच्या परिशिष्टात औष्णिक केंद्र आहे, राखेचा बंधारा वेगळा नाही. तो केंद्राच्या फायलीतले एक प्रकरण असतो : क्षेत्रफळ, अस्तर, पाण्याचा पुनर्वापर, संपले. त्यामुळे सुनावणीत चिमणीच्या उंचीवर तासभर बोलणे होते आणि बंधाऱ्याची पाळी येईपर्यंत मंडपातली माणसे उठायला लागलेली असतात. नोटीस तीस दिवसांची. पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी ठेवतात. पूर्ण अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. मराठीत मिळतो तो सारांश, आणि त्याची मर्यादा ए-फोर आकाराची जास्तीत जास्त दहा पाने. गणपूर्तीची अट नाही, वीस माणसे आली तरी सुनावणी झालीच. इतिवृत्त मात्र तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. हा भाग घाईत उरकला जातो, म्हणून शेवटपर्यंत थांबून आपला मुद्दा लिहिला गेला का, ते ऐकून घ्यावे.

आता अडलेला शब्द. राख हा घातक कचरा आहे का? २०१६ च्या घातक कचरा नियमांनी तिला त्या वर्गातून बाहेर ठेवले. कारण दिले ते असे : प्रमाण जास्त, परिणाम कमी. त्याच रांगेत खाणींचा गाळ आणि ॲल्युमिनियम उद्योगाची लाल मातीही आहे. मूठभर राखेबद्दल ते खरेही असेल. पण परिणाम मोजायचा तो टनाला की तलावाला? ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला आणि विजेच्या युनिटला ०.७ किलो कोळसा धरला, तर दिवसाला सुमारे ११,००० टन कोळसा जळतो. त्यात ४० टक्के राख धरली की ४,४०० टन होते, म्हणजे वीस टनांचे २२० ट्रक, रोज. त्यातला आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांचा अंश बारीक असतो हे मान्य, पण अस्तर नसलेल्या जागी हा ढीग चाळीस वर्षे पाण्यात भिजत राहतो. राख घातक यादीत असती तर साठवणुकीच्या जागेला वेगळी, बरीच कडक प्रक्रिया लागली असती. बाकीचे सगळे या एका वर्गीकरणामागून आले.

त्यातूनच ‘उपयोग’ हा दुसरा शब्द आला. १९९९ च्या पहिल्या राख अधिसूचनेने केंद्राभोवती ५० किलोमीटरमध्ये विटांना राख वापरायला सांगितले. हेच अंतर २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. शंभर टक्के उपयोगाची मुदत दरवेळी पुढे सरकली. २०२१ मध्ये न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये दंड आला आणि जुनी साचलेली राख दहा वर्षांत संपवायला सांगितली. मात्र सिमेंट आणि विटांच्या जोडीला सखल जमीन भरणे आणि रिकाम्या खाणी भरणे हेही उपयोगातच मोजले जाते. म्हणजे बंधाऱ्यातली राख उचलून दुसऱ्या गावच्या खड्ड्यात टाकली की ती ‘वापरली’. सखल जागेसाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी परवानगी लागते आणि मंजूर जागा, क्षेत्र व प्रमाण जाहीर करावे लागते. गावाशेजारी राखेचे ट्रक रिकामे होऊ लागले तर तक्रार लिहिण्याआधी ती यादी पाहावी.

बंधारा फुटतो कसा, हे परवानगीच्या कागदात क्वचितच नीट लिहिलेले असते. मूळ बांध मातीचा. तो भरला की साचलेल्या राखेवरच पुढचा थर उचलतात, आतल्या बाजूला सरकवून, वरून मुरूम टाकून. म्हणजे वरच्या बांधाचा पायाच राखेचा. वर साचलेले नितळ पाणी विहिरीसारख्या मनोऱ्यातून बाहेर काढतात. तो मनोरा किंवा त्याचा पाइप तुंबला की पाणी बांधाकडे सरकते, आतली पाण्याची पातळी चढते आणि बाहेरच्या उतारावर ओल दिसू लागते. पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवायचे. गढूळ झाले तर राख आतून वाहून चालली आहे, तेव्हा ताबडतोब सोडणी बंद करायची. राखपाण्याचे पाइपही तळाशी घासून पातळ होतात, म्हणून ते ठरावीक काळाने फिरवून बसवतात. फिरवायचे राहिले की शेतात राखेचे कारंजे उडते.

याला पावसाळ्याची जोड मिळते. वीटभट्ट्या बंद, रस्त्यांची कामे थंड, कोरडी राख नेणाऱ्या बल्कर टँकरच्या रांगा आखूड. अधिसूचनेने सांगितलेल्या कोरड्या राखेच्या सायलोंत, म्हणजे बंद कोठारांत, किमान सोळा तासांचीच साठवण असते. उरलेली राख बंधाऱ्यात जाते, नेमकी त्याच दिवसांत जेव्हा आभाळातूनही पाणी येते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा बंधाऱ्याला भगदाड पडले ते मुसळधार पावसातच. राख कोलार आणि कन्हान नद्यांत उतरली. कन्हानचे पाणी नागपूर पिते, म्हणून निदान बातमी तरी झाली. खालच्या वावरांत चढलेला राखेचा थर वाळला की सिमेंटच्या पापुद्र्यासारखा तडकतो, त्याखालचे सोयाबीन पिवळे पडून बसते.

आणि मंजुरीसाठीचा अभ्यास? केंद्राभोवतीच्या दहा किलोमीटरमधली हवेची मोजणी एका हंगामाची, पावसाळा वगळून. धुळीसाठी ते ठीक, कारण पावसात हवा धुतली जाते. बंधाऱ्यासाठी मात्र जो हंगाम पाहायला हवा तोच वगळलेला. कोराडीतल्या ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांची सुनावणीही २९ मे २०२३ ला झाली, ऐन उन्हाळ्यात.

मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. पावसाळ्याची नोंद डिसेंबरच्या अहवालात येते. त्याशिवाय २०२१ पासून बंधाऱ्याची सुरक्षितता, उरलेली जागा आणि पाण्याचा पुनर्वापर यांचे वार्षिक प्रमाणपत्र वेगळे लागते. दोन्ही कागद मागवले तर सरासरीचे आकडे बाजूला ठेवावेत. बांधाच्या माथ्यापासून पाणी किती खाली होते, जुलै आणि ऑगस्टचे वेगवेगळे, तेवढे आधी शोधावे.