प्रतिकारशक्ती खचलेली, तरी सांधे का सुजतात?

एचआयव्ही म्हटलं की आठवतो तो ताप, जुलाब, क्षयरोग, घटत गेलेलं वजन. गुडघा किंवा खांदा कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे एचआयव्ही असलेल्या माणसाचा सांधा दुखू लागला की 'थकवा असेल' म्हणून ते दुखणं अंगावर काढलं जातं. खरं तर सांधे आणि स्नायूंच्या तक्रारी या संसर्गात अगदी नेहमीच्या आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं याचं मला फार वाईट वाटतं.

संधिवाताचे बरेच प्रकार स्वयंप्रतिकार विकारात मोडतात. म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. एचआयव्ही तर हीच यंत्रणा पोखरतो. मग दुबळी यंत्रणा हल्ला करते कशी?

विषाणू सीडी-४ पेशी, म्हणजे संरक्षणयंत्रणेला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, मारतो, पण या पेशींचं काम फक्त लढाईचे आदेश देणं नसतं. त्यांच्यातल्या एका गटाकडे लगाम असतो. तो सुटला की बाकीची यंत्रणा शांत होत नाही, उलट भरकटते. बी पेशी ऊठसूट प्रतिपिंडं (जंतूंना चिकटणारी प्रथिनं) तयार करत सुटतात आणि सीडी-८ पेशींची, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या पेशींची, संख्या वाढते. एचआयव्हीतली प्रतिकारशक्ती झोपलेली नसते. ती सतत चेतवलेली, पण नेम हरवलेली असते.

याचा पहिला फटका रक्ततपासण्यांना बसतो. आमवातासाठी (सांध्यांवर उलटणारा स्वयंप्रतिकार विकार) पाहतात ती 'आरए फॅक्टर' किंवा ल्युपससाठीची (त्वचा, सांधे, मूत्रपिंडं अशा अनेक अवयवांवर उलटणारा विकार) 'एएनए' तपासणी एचआयव्ही असलेल्यांमध्ये रोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. उलटही घडतं. ल्युपसच्या रुग्णाची एचआयव्हीची प्राथमिक चाचणी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणून एका कागदावर विसंबून निदान करू नये, खात्रीची दुसरी तपासणी हवीच.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. सीडी-४ पेशी कमी होत जातात तसा आमवात आणि ल्युपस बऱ्याचदा निवळतो. सोरायसिस (त्वचेवर खवले आणणारा विकार) आणि त्याच्या सोबतचा संधिवात मात्र भडकतो. आमवाताची मदार सीडी-४ पेशींवर जास्त असते आणि सोरायसिसमध्ये सीडी-८ पेशींचा हात मोठा असतो, हे या निरीक्षणातूनही दिसलं. मणक्याच्या संधिवाताशी जोडलेला 'एचएलए-बी२७' हा जनुक घ्या. तो असलेल्यांमध्ये एचआयव्हीचा आजार सहसा सावकाश वाढतो, कारण या जनुकाचं प्रथिन सीडी-८ पेशींना विषाणूचा असा तुकडा दाखवतं, जो बदलणं विषाणूला जड जातं. पाठ आखडवणारा जनुक विषाणूलाही रोखून धरतो!

प्रत्यक्षात रुग्णाला काय जाणवतं? काहींचा एखादा सांधा अचानक असह्य ठणकतो आणि दिवसभराच्या आत पूर्ण थांबतो. तपासायला जावं तर सूज नाही, काही नाही. काहींचे गुडघे-घोटे सुजतात आणि साधारण सहा आठवड्यांत, हाडाची झीज न होता, ओसरतात. काहींच्या कानाखालच्या लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी फुगतात, गाल भरल्यासारखे दिसतात, तोंड कोरडं पडतं. ग्रंथींत सीडी-८ पेशींची गर्दी झाल्याने हे होतं आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबणारी औषधं, सुरू झाल्यावर बहुधा कमी होतं.

१९९६ नंतर एकत्रित औषधोपचार आले आणि यातलं बरंच काही विरळ झालं. पण सावरणारी प्रतिकारशक्तीही कधी कधी उसळी मारते. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी सारकॉइडोसिस (फुप्फुसं वगैरे अवयवांत दाहाच्या गाठी होणारा विकार) किंवा थायरॉइडला जास्त काम करायला लावणारा ग्रेव्हज विकार डोकं वर काढतो. औषधांचेही दुष्परिणाम असतात. १९८७ साली आलेलं पहिलं औषध, झिडोव्हुडिन, स्नायूंमधल्या मायटोकाँड्रियांना, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागांना, इजा करायचं. मांड्यांतली ताकद जायची, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागायचा. औषध बंद केलं की बहुतेकांना बरं वाटायचं. जांघेत दुखत राहिलं तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये दोष सापडतो.

आता सर्वांत कळकळीची गोष्ट. लोकलाजेपायी अनेकजण हाडांच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगत नाहीत. समजा खांदा दुखतो म्हणून सांध्यात ट्रायामसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. एरवी यकृतातलं एक विकर (एन्झाइम) ते हळूहळू मोडून टाकतं. पण रुग्ण रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (एआरटीतल्या इतर औषधांचा जोर वाढवणाऱ्या गोळ्या) घेत असेल तर तेच विकर बंद पाडलेलं असतं. एका इंजेक्शनचं स्टिरॉइड मग आठवडेच्या आठवडे रक्तात रेंगाळतं. चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी काम थांबवते. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिम्व्हास्टॅटिनची गाठ याच औषधांशी पडली तर स्नायू विरघळून लघवी गडद होते आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. गाऊटसाठीच्या कोल्चिसिनचंही प्रमाण असंच विषारी होऊ शकतं. एआरटीतलंच डोल्यूटेग्राविर नावाचं औषध मात्र या विकराला अडवत नाही. म्हणून 'एआरटी चालू आहे' एवढं सांगून भागत नाही, गोळ्यांची नावंच दाखवावी लागतात. शंका आली तरी एआरटी मनाने बंद करू नये, बदल डॉक्टर करतील.

एकच सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर थांबू नये. त्यातलं पाणी काढून लगेच तपासावं लागतं, कारण जंतुसंसर्ग काही दिवसांत सांधा खाऊन टाकतो. पाठ महिनोन् महिने दुखत असेल तर मणक्याचा क्षय आहे का, हे पाहावं लागतं.

विषाणू आटोक्यात असेल तर संधिवातावर इलाज भरपूर आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन बऱ्याच जणांना चालतं. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारी जैविक औषधंही देता येतात, मात्र आधी सुप्त क्षयरोगाची तपासणी करून. पूर्वी अशी औषधं एचआयव्हीत द्यायला डॉक्टर धजत नसत. आज विषाणूचं प्रमाण आणि सीडी-४ यांवर लक्ष ठेवून ती दिली जातात.