खाजोटी कुल (अर्टिकेसी) : खानदेशातील अभ्यास

सपुष्प वनस्पतींचे एक कुल. पन्नासाहून अधिक प्रजाती व सुमारे 2,600 जाती. मराठी परिभाषेत ‘वृश्चिक कुल’ हे नावही रूढ आहे. दंशकेसांमुळे कुल प्रसिद्धीस आले, तरी ते केस एका शाखेपुरतेच मर्यादित आहेत. याच कुलातील पौझोल्झिया, रॅमी हा धागा देणारी बोहमेरिया यांना हात लावला तरी काही होत नाही.

कुलाची मांडणी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जूस्यू यांनी 1789 मध्ये केली. त्याच्या सीमा मात्र वादग्रस्त राहिल्या. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनश्रीवरील ग्रंथाच्या पाचव्या खंडात (पूर्ण 1890) वड, उंबर, तुती, गांजा, वावळा हे सर्व अर्टिकेसीतच आहेत. आज वड-तुती मोरेसीत, गांजा कॅनाबेसीत, वावळा अल्मेसीत जातो. त्यामुळे जुन्या यादीत खानदेशातील ‘अर्टिकेसी’ची संख्या मोठी दिसली, तर त्यांतले बहुतेक वड-पिंपळाचेच भाऊबंद निघण्याचा संभव अधिक. स्थळांचीही अडचण आहे : 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यापूर्वीच्या नोंदीत नुसते ‘खानदेश’ असेल, तर झाड तोरणमाळचे की चाळीसगावच्या डोंगरातले, हे कळत नाही.

नावांचा घोळ याहून जुना. खाजोटी (जिरार्डिनिया) अर्टिकेसीतली. खाजकोलती (ट्रॅजिया) एरंड कुलातली. खाजकुयली (म्युक्युना) शिंबी कुलातली. संस्कृत निघंटूंतील (औषधी वनस्पतींच्या कोशांतील) ‘वृश्चिकाली’ कोणती, याविषयी एकमत नाही; ट्रॅजियाकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणजे ‘वृश्चिक कुला’चे नाव जिच्यावरून सुचावे, ती वनस्पती बहुधा त्या कुलात नाहीच.

ओळख फळावरून पटते : अर्टिकेसीत एकबीजी, न फुटणारे बारीक फळ, ट्रॅजियात तीन खणी बोंड, कुयलीला लवदार शेंग व त्रिदली पान.

दंशाची यंत्रणाही तिघींत वेगळी. खाजोटीचा केस म्हणजे एकच लांबट पेशी. तिचे बूड फुगीर व पेशींच्या उंचवट्यात बसवलेले असते, तर टोकाला सिलिकामय गुंडी असते. स्पर्श होताच गुंडी तिरपी मोडते, उरलेले टोक सुईसारखे कातडीत शिरते आणि बुडातला द्रव आत जातो. ही आग फॉर्मिक आम्लाने होते, असे पूर्वी मानत. शालेय पुस्तकांनी ते अजून सोडलेले नाही. एमेलिन व फेल्डबर्ग या संशोधकांना 1947 मध्ये अर्टिकाच्या (कुलाला नाव देणाऱ्या प्रजातीच्या) केसांत हिस्टामीन व ॲसिटिलकोलीन ही खाज-आग आणणारी द्रव्ये आढळली. रेंगाळणाऱ्या वेदनेमागे ऑक्झॅलिक व टार्टारिक आम्ले असावीत, असे तैवानातील एका जातीवरील 2006 चे काम सुचवते. ते इतर जातींना सरसकट लावणे घाईचे होईल. ट्रॅजियाच्या केसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचा एक सुईसारखा स्फटिक असतो. कुयलीची लव शेंगेवरून सुटून वाऱ्यावर येते आणि तिच्यातील म्युक्युनेन हे प्रथिनविघटक खाज आणते. म्हणून कुयली झाडाला न शिवताही अंगाला लागते, खाजोटी लागत नाही.

दंशकारी अर्टिकेसींना ओल व सावली लागते. तापीच्या काळ्या, उन्हाने भेगाळणाऱ्या जमिनीत त्यांना थारा कमी. शोध घ्यायचा तो सातपुड्याच्या घळींत, ओढ्याकाठी, श्रावण-भाद्रपदात.